साक्ष प्रत्यक्ष ऐकणारा न्यायाधीश

खून, दरोडा, शेताची हद्द किंवा वारसाहक्क असा कोणताही वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, तरी तेथील न्यायमूर्तींपुढे बहुतेक वेळा फक्त कागदपत्रे असतात. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे राहून बोलताना पाहतो आणि त्याची उलटतपासणी ऐकतो तो खालच्या न्यायालयातील न्यायाधीश, आणि त्या रचनेच्या शिखरावर जिल्हा व सत्र न्यायाधीश हे पद असते. अमेरिकेतील संघीय जिल्हा न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने तहहयात नेमतात. भारतात मात्र हे पद बदल्या, बढत्या आणि साठाव्या वर्षीची निवृत्ती यांनी बांधलेल्या सेवेतून मिळते.

वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याने या पदामागची स्थित्यंतरे जवळून पाहिली आहेत. 1853मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर महसूल वसूल करणाऱ्या डेप्युटी कमिशनरकडेच न्यायदानाचेही अधिकार होते, म्हणजे सरकारी अधिकारी आणि न्यायाधीश एकच होता. पुढे 1936मध्ये नागपूरला उच्च न्यायालय स्थापन झाले आणि 1956च्या राज्य पुनर्रचनेनंतर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेत आला.

आज या सेवेत प्रवेश करणारा तरुण वकील प्रथम दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर होतो आणि त्याच पदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून फौजदारी कामही पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने 2025मध्ये यासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. पुढे वरिष्ठ स्तर आणि त्यानंतर जिल्हा न्यायाधीश अशा पायऱ्या आहेत, तर अनुभवी वकिलांना परीक्षेद्वारे थेट जिल्हा न्यायाधीश होण्याचाही मार्ग आहे, ज्यासाठी संविधानाच्या 233व्या अनुच्छेदाने किमान सात वर्षांची वकिली ठरवली आहे. ठरावीक काळाने होणाऱ्या बदल्यांमुळे कुटुंबाचे बिऱ्हाड आणि मुलांच्या शाळा सतत बदलतात, पण स्थानिक ओळखी आणि हितसंबंध निकालात शिरू नयेत हाच त्यामागचा हेतू असतो.

मुख्यालय घाटावरील बुलढाण्यात असले, तरी खामगाव आणि मलकापूर येथे अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायाधीश बसतात, कारण घाटाखालच्या पक्षकाराला प्रत्येक तारखेला घाट चढणे परवडत नाही. सत्र न्यायाधीश फाशीची शिक्षा सुनावू शकतो, परंतु उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय तिची अंमलबजावणी होत नाही. प्रमुख जिल्हा न्यायाधीशच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा अध्यक्ष असल्याने गरिबांना मोफत वकील मिळवून देणे आणि लोकअदालती भरवणे हेही त्याचेच काम ठरते. 1998पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याने शेतकऱ्याची साक्ष त्याच्याच भाषेत नोंदली जाऊ शकते, ही या पातळीची मोठी ताकद आहे.

या पदाचे स्वातंत्र्य 235व्या अनुच्छेदावर उभे आहे, कारण बदली, रजा आणि शिस्त यांवर सरकारचे नव्हे तर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. शिवाय 1966मध्ये चंद्रमोहन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यांना जिल्हा न्यायाधीश करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. वऱ्हाडात डेप्युटी कमिशनरच्या हाती एकवटलेली सत्ता अशा रीतीने विभागली गेली. अपिलात निकाल फिरला, तरी अपील ज्या पुराव्यावर उभे राहते तो पुरावा खालच्या न्यायालयातच नोंदलेला असतो, म्हणून या पदावरील माणसाची निष्ठा, सवड आणि निर्भयता जपणे ही न्यायव्यवस्थेची पहिली गरज आहे.