वापरलेल्या मोठ्या सेडान मोटारीची विश्वासार्हता : 'क्राउन व्हिक्टोरिया'च्या मालकांच्या अनुभवांचा अभ्यास

प्रस्तावना :
जुनी मोटार विकत घेणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने एक मोठा आर्थिक निर्णय असतो. या व्यवहाराचे वैशिष्ट्य असे की, विकणाऱ्याला मोटारीचे गुणदोष अनुभवाने ठाऊक असतात. घेणाऱ्याला मात्र ते पैसे मोजून झाल्यानंतरच उमगतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात नेमक्या याच विषमतेची मीमांसा केली. अमेरिकन बोलीत सदोष मोटारीला 'लेमन' म्हणजे लिंबू म्हणतात. चांगली मोटार कोणती आणि लिंबू कोणते हे ओळखता येत नसल्याने खरेदीदार सरासरी किंमतच देऊ करतो. ती किंमत न परवडल्याने चांगल्या मोटारीचा मालक बाजारातून माघार घेतो आणि परिणामी बाजारात सदोष मोटारींचे प्रमाण वाढत जाते. माहितीच्या विषमतेसंबंधीच्या या कार्यासाठी अकरलॉफ यांना २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही विषमता कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे आधीच्या मालकांचे अनुभव. परंतु अनुभव हा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावा, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात फोर्ड कंपनीच्या 'क्राउन व्हिक्टोरिया' या मोठ्या सेडान मोटारीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :
१) क्राउन व्हिक्टोरियाच्या टिकाऊपणामागील तांत्रिक कारणे समजून घेणे.
२) मालकांच्या अनुभवात वारंवार आढळणाऱ्या दोषांचे स्वरूप पाहणे.
३) मालकांच्या अनुभवांच्या मर्यादा आणि कायद्याचे संरक्षण यांचा विचार करणे.

मोटारीची रचना आणि टिकाऊपणा :
क्राउन व्हिक्टोरिया, मर्क्युरी ग्रँड मार्क्विस आणि लिंकन टाउन कार या तिन्ही मोटारी 'पँथर' नावाच्या एकाच पायाभूत रचनेवर उभ्या होत्या. ही रचना १९७९ च्या मॉडेलांपासून वापरात आली. बहुतेक आधुनिक मोटारींत सांगाडा आणि बॉडी एकसंध असते. येथे मात्र ट्रकप्रमाणे स्वतंत्र पोलादी चौकटीवर बॉडी बसवलेली होती. पुढे ४.६ लिटर क्षमतेचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि मागील चाकांना गती अशी तिची मांडणी होती. सुमारे ५.४ मीटर लांबीच्या या मोटारीतील इंजिनाचा कॅमशाफ्ट पट्ट्याऐवजी साखळीवर चालत असल्याने ठरावीक अंतरानंतर पट्टा बदलण्याचा खर्च मालकाला नव्हता.

शेव्हरले कॅप्रिसचे उत्पादन १९९६ साली थांबल्यानंतर अमेरिकेतील पोलीस दले आणि टॅक्सीचालक मोठ्या प्रमाणावर या मोटारीकडे वळले. एकच रचना अनेक वर्षे फारशी न बदलता राहिल्याने सुटे भाग मुबलक आणि स्वस्त राहिले, मेकॅनिकचा हात तिच्यावर बसला. मालक ज्याला 'विश्वासार्हता' म्हणतात तिच्यात या दुरुस्तीसुलभतेचा वाटा मोठा आहे. मोटार बिघडत नव्हती असे नाही. बिघडली तरी ती कमी खर्चात पुन्हा रस्त्यावर येत होती. १५ सप्टेंबर २०११ रोजी कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या सेंट थॉमस येथील कारखान्यातून शेवटची क्राउन व्हिक्टोरिया बाहेर पडली. तेव्हापासून या मोटारीचा प्रत्येक खरेदीदार हा वापरलेल्या मोटारीचाच खरेदीदार आहे.

मालकांच्या अनुभवातील प्रमुख दोष :
मालकांच्या अनुभवात सर्वाधिक चर्चिला गेलेला दोष इनटेक मॅनिफोल्डचा आहे. १९९६ ते २००१ या काळातील अनेक मोटारींत हा भाग नायलॉनमिश्रित प्लास्टिकचा होता आणि त्याच्या पुढील भागातून इंजिनाचे कूलंट वाहत असे. उष्णता आणि दाब यांमुळे तेथे तडा जाऊन कूलंट गळू लागे. ते वेळीच लक्षात न आल्यास इंजिन तापून निकामी होण्याचा धोका असे. पुढे कूलंटचा तो मार्ग ॲल्युमिनियमचा करण्यात आला. त्यामुळे या काळातील मोटार घेणाऱ्याने मॅनिफोल्ड बदललेला आहे की नाही हे पाहणे अगत्याचे ठरते. बदललेला असेल तर तोच जुना दोष खरेदीदाराच्या दृष्टीने जमेची बाजू होतो.

२००३ ते २००५ च्या मॉडेलांत दिव्यांचे नियंत्रण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाची जोडणी सैल होऊन हेडलाइट अचानक बंद पडण्याच्या तक्रारी आल्या. येथे प्रश्न खर्चाचा नसून रात्रीच्या रस्त्यावरील जिवाचा होता. टाउन कारच्या मागील चाकांवरील हवेच्या रबरी स्प्रिंगना वयोमानाने भेगा पडतात; अनेक मालक त्याऐवजी साध्या पोलादी स्प्रिंग बसवून घेतात.

हवामानाचा परिणामही मोठा आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाते आणि त्याने पोलादी चौकट गंजते. २०१३ साली फोर्डने २००५ ते २०११ या काळातील सुमारे ३ लाख ७० हजार मोटारी परत बोलावल्या. मिठाचा वापर होणाऱ्या राज्यांत स्टिअरिंगचा दांडा गंजून मोटारीवरील ताबा सुटण्याची शक्यता निर्माण झाली होती. त्यामुळे ॲरिझोनातील मालक आणि मिशिगनमधील मालक एकाच मॉडेलविषयी वेगवेगळे सांगत असतील, तर दोघांचेही खरे असू शकते.

अनुभवांच्या मर्यादा :
मालकांचे अनुभव वाचताना तीन गोष्टी ध्यानात घेणे आवश्यक ठरते. पहिली म्हणजे टिकून राहिलेल्यांचा पक्षपात. पाच लाख किलोमीटर चाललेल्या मोटारीचा मालक अभिमानाने बोलतो. दीड लाखावर भंगारात गेलेल्या मोटारीचा मालक दुसरी मोटार घेऊन तो विषय विसरलेला असतो. जुन्या मॉडेलची कीर्ती काळाबरोबर वाढत जाते, याचे हे एक कारण आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मोटारीचा पूर्वेतिहास. एखाद्या वृद्ध दांपत्याने वापरलेली ग्रँड मार्क्विस आणि लिलावात आलेली पोलीस मोटार यांची यंत्रणा बव्हंशी समान असली, तरी त्यांचे आयुष्य समान नसते. पोलीस मोटार तासन्‌तास जागेवर उभी असताना तिचे इंजिन चालूच असते आणि ओडोमीटरवर त्याची नोंद होत नाही. अशा एका तासाची झीज सुमारे ३३ मैल म्हणजे ५३ किलोमीटर प्रवासाइतकी धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने दोन हजार तास उभ्याने चाललेले इंजिन आकड्यापेक्षा लाखभर किलोमीटर अधिक जुने ठरते. उलटपक्षी, पोलीस ताफ्यातील मोटारींची तेलबदली व देखभाल वेळापत्रकानुसार होत असल्याने त्यांची कागदपत्रे बहुधा अधिक पूर्ण असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे मालकाची अपेक्षा. स्वस्तात घेतलेल्या मोटारीची किरकोळ दुरुस्ती मालक दोष म्हणून मोजत नाही. कर्ज काढून घेतलेल्या मोटारीची तीच दुरुस्ती त्याला फसवणूक वाटते. म्हणूनच १९३६ साली स्थापन झालेली आणि आज 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' म्हणून ओळखली जाणारी ग्राहकसंस्था एकेकट्या कथनावर विसंबत नाही. सभासदांकडून प्रश्नावली भरून घेऊन मोटारीच्या कोणत्या भागात किती बिघाड झाले, याची ती मोजदाद करते.

कायद्याचे संरक्षण :
अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा वापरलेल्या मोटारींविषयीचा नियम १९८५ पासून अमलात आहे. त्यानुसार व्यापाऱ्याने मोटारीच्या काचेवर हमी आहे की मोटार 'आहे त्या स्थितीत' विकली जात आहे, हे लावणे बंधनकारक आहे. मात्र खाजगी विक्रेत्याला हा नियम लागू नाही. ओडोमीटरच्या आकड्याचे लेखी निवेदन देण्याचे बंधनही आहे. परंतु २०१० व त्यापूर्वीच्या मॉडेलांना दहा वर्षांनंतर त्यातून सूट मिळते, तर २०११ पासूनच्या मॉडेलांना वीस वर्षांनंतर. परिणामी बहुतांश क्राउन व्हिक्टोरिया मोटारींचा आकडा आज कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. जेथे कायदा थांबतो, तेथे खरेदीदाराला दुरुस्तीच्या पावत्या, सर्व्हिसच्या नोंदी आणि जाणकार मेकॅनिकची नजर यांवरच अवलंबून राहावे लागते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, विश्वासार्हता हा केवळ मॉडेलचा गुण नसून विशिष्ट मोटारीच्या इतिहासाचा गुण आहे. मालकांचे अनुभव 'ही मोटार चांगली की वाईट' याचे उत्तर देऊ शकत नाहीत. मात्र कोठे पाहावे आणि काय विचारावे, हे ते अचूक सांगतात. मॅनिफोल्ड बदलला का, चौकट गंजली का, मोटार कोणाकडे आणि कोणत्या प्रदेशात होती, हे प्रश्न त्या अनुभवांतूनच निर्माण झाले आहेत. अकरलॉफ यांनी दाखविलेली माहितीची दरी या प्रश्नांनी पूर्णपणे बुजत नसली, तरी पैसे मोजण्यापूर्वी ती निश्चितच अरुंद होते. सामान्य खरेदीदाराच्या दृष्टीने हेच या अनुभवांचे खरे मोल होय.