दहावा एक

जुईनगरहून डोंबिवलीस जाणारा उतारू ठाण्यास गाडी बदलतो. ज्या स्थानकावर आपणांस उतरावयाचे आहे त्याने एका संख्याकुलास नाव दिले आहे, याची त्यास बहुधा वार्ता नसते. जी. आय. पी. रेल्वेच्या काळी हे स्थानक ‘डेम्लो’ म्हणून ओळखले जाई. तेथे काही संख्यांविषयीची कल्पना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांस सुचली, आणि त्या संख्या ‘डेम्लो संख्या’ झाल्या. कापरेकरांनी १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शाळेत शिकविले. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष इकडे वळले.

या कुलातील सर्वांत देखणी शाखा केवळ एक या अंकापासून निघते. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. आणि नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. ‘लीलावती’तील स्थाननामांनी मोजू गेल्यास या सतरा अंकी संख्येचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी पडतो. परार्ध त्यापुढे एकच घर. तिच्या चढउताराचे रहस्य गुणाकार मांडताच उलगडते. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मधल्या उभ्या रांगेत नऊ एक जमतात आणि दोन्ही अंगांस एकेक कमी होत जातो.

दहावा एक जोडला की मध्ये दहा जमतात, हातचा घ्यावा लागतो आणि शिडी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ गळाला, दोन शून्ये घुसली. पुष्कळ जण येथेच पाटी पुसतील. पण ती घाई होय. खरी गंमत पुढेच आहे.

कापरेकरांच्याच नावाने ओळखली जाणारी एक कसोटी आहे. ४५ चा वर्ग २०२५; २० आणि २५ मिळून पुन्हा ४५. मोडलेल्या शिडीस हीच कसोटी लावावी. उजवीकडचे दहा अंक तोडले म्हणजे ०९८७६५४३२१ हा एक भाग, १२३४५६७९० हा दुसरा. त्यांची बेरीज ११११११११११, म्हणजे मूळचे दहा एक जसेच्या तसे!

हा योगायोग नव्हे. दहा एकांस नऊने भागल्यास भागाकार १२३४५६७९० येतो व बाकी एक उरते. म्हणून त्यांचा वर्ग म्हणजे दहा नवांची संख्या १२३४५६७९० वेळा, अधिक दहा एक. आता दहा नव म्हणजे एकावर दहा शून्ये, उणे एक. तेव्हा तो भागाकार डाव्या भागात जाऊन बसतो आणि उजव्या भागातून तेवढाच वजा होतो. बेरजेत घेतलेले भरून येते.

नऊ एकांस नऊने भागल्यास बाकीच उरत नाही. म्हणून त्यांच्या सुबक वर्गाचे भाग, १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, मिळविले तर ९९९९९९९९९ येते. मूळ संख्या परत येत नाही. दहा एकांनंतर असा योग एकदम एकोणीस एकांवर येतो.