आकाशपाळण्यात बसावे की न बसावे?

मराठीने या यंत्राला दोन नावे दिली आहेत: राहाटपाळणा आणि आकाशपाळणा. पहिल्या नावात विहिरीवरचा राहाट आहे. गाडगी भरून वर येतात, रिती होऊन खाली जातात; आपल्या वाडवडिलांना त्यात संसाराचे चित्र दिसले आणि ‘राहाटगाडगे’ हा शब्द रूढ झाला. दुसऱ्या नावात पाळणा आहे, म्हणजे आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या अखत्यारीतील वस्तू! त्यामुळे या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेतला, तर सुज्ञ वाचकांची हरकत नसावी.

निमित्त अगदी व्यावहारिक आहे. आपल्या परिसरातील कितीतरी कुटुंबांची मुले आज लंडन, सिंगापूर, दुबई येथे स्थिरावली आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत आजी-आजोबा आणि नातवंडे यांचे तिकडे जाणे-येणे होते आणि सहलीच्या यादीत त्या त्या शहराचे महाकाय चक्र हमखास असते. निघण्यापूर्वी लसी आणि ताप-जुलाबाची औषधे यांची चौकशी होते, तिच्याबरोबरच हाही प्रश्न येतो, ‘डॉक्टरसाहेब, त्या मोठ्या पाळण्यात बसण्यात काही अर्थ आहे का? पैसे वाया तर जाणार नाहीत? मूल घाबरणार तर नाही?’ या प्रश्नांचा थोडा सविस्तर विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पाळण्याची कुळकथा

हे यंत्र अमेरिकेत जन्मले असा सार्वत्रिक समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६२० साली तुर्की साम्राज्यातील फिलिपोपोलिस, म्हणजे आजच्या बल्गेरियातील प्लोव्हदिव्ह, येथून जात होता. तेथे त्याने माणसांना बसवून फिरवले जाणारे लाकडी चक्र पाहिले आणि त्याचे चित्रही काढून ठेवले. हाच मंडी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत सुरतेला आला आणि १६३० च्या अखेरीस आग्र्याकडे जाताना आपल्या बुऱ्हाणपुरातून गेला. त्या वर्षी गुजरात आणि दख्खनेत भीषण दुष्काळ पडला होता. ज्या लेखणीने जत्रेतला पाळणा टिपला, त्याच लेखणीने पुढे या वाटेवरचे भुकेकंगाल लोक आणि प्रेते यांचेही वर्णन लिहिले.

पोलादी चक्राचा मान मात्र शिकागोकडेच जातो. पॅरिसने १८८९ साली आयफेल मनोरा उभारला. त्याला तोडीस तोड काही हवे म्हणून १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे चक्र उभे केले. ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसे, म्हणजे एका वेळी २,१६० प्रवासी; तिकीट ५० सेंट. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंद बोलले, तेव्हा हे चक्र त्या शहरात फिरत होते. १९०६ साली ते सुरुंग लावून पाडण्यात आले आणि भंगारात गेले. व्हिएन्नाचे १८९७ चे चक्र अधिक भाग्यवान ठरले. दुसऱ्या महायुद्धात ते जळाले, पुन्हा उभे राहिले आणि आजही फिरते आहे.

लंडनचे चक्र

आपल्याकडील मंडळी ज्याबद्दल सर्वाधिक विचारतात ते थेम्सकाठचे ‘लंडन आय’. डेव्हिड मार्क्स आणि ज्युलिया बारफील्ड या वास्तुविशारद पती-पत्नीच्या कल्पनेतून ते साकारले. १९९९ च्या शेवटच्या दिवशी त्याचे औपचारिक उद्घाटन झाले आणि मार्च २००० पासून ते लोकांसाठी खुले झाले. उंची १३५ मीटर. काचेच्या ३२ कुप्या, प्रत्येकीत जास्तीत जास्त २५ माणसे. कुप्यांना १ ते ३३ असे क्रमांक आहेत, कारण तेरावा क्रमांक वगळला आहे. विज्ञाननिष्ठ म्हणविणाऱ्या देशातही अभियंत्याला लोकांच्या समजुतीचा मान ठेवावा लागतो!

एका फेरीला सुमारे अर्धा तास लागतो. वेग सेकंदाला २६ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ रांगणाऱ्या बाळाच्या चालीचा. त्यामुळे माणसे चढता-उतरताना चक्र थांबवावे लागत नाही. वृद्ध व अपंग प्रवाशांसाठी मात्र ते थांबवतात. कुपी वातानुकूलित असते आणि मध्यभागी बसायला बाक असतो. हवा स्वच्छ असेल तर ४० किलोमीटरपर्यंतचे दिसते असे सांगतात. लंडनच्या हवेत ही अट फार महत्त्वाची आहे. तिकिटाचा दर दिवस आणि वेळ यांनुसार बदलतो, पण चौघांच्या कुटुंबाला साधारण शंभर पौंड किंवा त्याहून अधिक, म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर खर्च धरून चालावे.

आता विरुद्ध बाजूही सांगितली पाहिजे. केवळ उंचावरून लंडन पाहायचे असेल, तर ते फुकटही दिसते. प्रिमरोझ हिल या टेकडीवरून सारे शहर समोर येते, आणि तेथून थोड्याच अंतरावर किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर आहे. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन स्मारक केले. मराठी माणसाने ही टेकडी आणि हे घर एकाच सकाळी पाहावे. फेनचर्च स्ट्रीटवरील उंच इमारतीच्या माथ्यावरची ‘स्काय गार्डन’ ही बागही आगाऊ नोंदणी केल्यास विनामूल्य पाहता येते.

मग शंभर पौंड कशाचे? माझ्या मते त्याचे उत्तर कुपीत शिरणाऱ्या माणसाने सोबत काय नेले आहे, यावर अवलंबून आहे.

डॉक्टराला काय दिसते?

समोरच्या काठावरचा व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा रुंद रस्ता बहुतेकांना केवळ रस्ता वाटतो. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला अशी दुर्गंधी सुटली, की संसदेच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवावे लागले. त्यानंतर जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने शहराखाली सांडपाण्याचे प्रचंड जाळे बांधले; त्यातील एक मुख्य गटार याच रस्त्याच्या पोटात आहे. तो रस्ता १८७० मध्ये पूर्ण झाला. पलीकडे दाट इमारतींच्या गर्दीत सोहो आहे. तेथेच १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी पटकीच्या साथीचे मूळ ब्रॉड स्ट्रीटच्या एका हातपंपात शोधले आणि पंपाची दांडी काढायला लावली. चक्राच्याच काठावर, वेस्टमिन्स्टर पुलापलीकडे सेंट थॉमस रुग्णालय दिसते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिका-शाळा १८६० साली याच रुग्णालयाशी जोडून सुरू झाली. उत्तरेकडे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचे बालरुग्णालय आहे, १८५२ साली अवघ्या दहा खाटांवर सुरू झालेले. लंडनच्या आकाशात उडणाऱ्या पीटर पॅन या मुलाचे जनक जे. एम. बॅरी यांनी त्या कलाकृतीचे हक्क १९२९ साली याच रुग्णालयाला दान केले.

हे सारे ठाऊक असलेल्या डॉक्टराला अर्धा तास अपुरा पडेल. यातले काहीच ठाऊक नसेल, तर दहाव्या मिनिटाला छायाचित्रे काढून संपतात आणि उरलेली वीस मिनिटे माणूस घड्याळ पाहतो.

भीती, भोवळ आणि बालमन

आता मुलांविषयी. उंचीचे भय मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जाड काचेखाली खोल जागा दिसू लागताच रांगत्या वयाची बहुतेक बाळे आईने बोलावूनही पुढे गेली नाहीत. हे भय निसर्गाचे संरक्षक कवच आहे. त्याची थट्टा करू नये. मूल दारातच रडून नकार देत असेल, तर त्याला ओढून आत नेण्यात शहाणपण नाही. कुपी सुटल्यावर अर्धा तास उतरण्याची सोय नसते.

मळमळीची चिंता मात्र फारशी नको. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय वेगापेक्षा वेगातील बदलाला प्रतिसाद देते. यात्रेतला लहान पाळणा भरभर फिरतो, माथ्यावरून खाली येताना पोटात गोळा येतो. मोठ्या चक्राच्या संथ, एकसारख्या गतीत तसे होत नाही. एरवीही दोन वर्षांखालील बाळांना प्रवासाची मळमळ क्वचितच होते. सात ते बारा या वयात ती अधिक आढळते. मोठ्यांना उंचावर येते ती भोवळ बहुतांशी डोळ्यांमुळे असते. जवळपास स्थिर वस्तू दिसेनाशी झाली, की शरीराचा सूक्ष्म झोल सावरायला मेंदूला आधार उरत नाही. अशांनी काचेला चिकटून खाली पाहण्याऐवजी बाकावर बसून दूर क्षितिजाकडे पाहावे. मधुमेही आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांनी काय करून कुपीत शिरावे, हे डॉक्टरांच्या स्मरणिकेत सांगण्याची गरज नाही.

भीतीपोटी सावधगिरी बाळगायचीच असेल, तर ती आपल्या यात्रेतील पाळण्याबाबत अधिक बाळगावी. हा पाळणा एका रात्रीत उभा राहतो आणि चार दिवसांत हलतो. त्यामुळे बसण्यापूर्वी एक फेरी उभे राहून पाहावी. आसनाला अडसर आहे का, तो प्रत्येक वेळी लावला जातो का, समोरासमोरचा भार सारखा ठेवला जातो का, चालविणाऱ्याचे लक्ष आहे का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. मुलींचे केस बांधलेले असावेत, ओढणी खोचलेली असावी. लहान मुलाला मोठ्या भावंडाच्या भरवशावर उघड्या आसनात बसवू नये. परवानगी देणाऱ्या यंत्रणेकडे तपासणीचा दाखला मागणे, हेही डॉक्टर मंडळींच्या सामाजिक कर्तव्यात बसते असे मला वाटते.

इतर शहरांची गोष्ट

सिंगापूरचे १६५ मीटरचे चक्र २००८ साली सुरू झाले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला नियंत्रण कक्षात आग लागून ते बंद पडले. १७३ प्रवासी सुमारे सहा तास अडकले आणि काहींना दोराने खाली उतरवावे लागले. दुबईचे चक्र तब्बल २५० मीटर उंच. ते ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाले, मार्च २०२२ मध्ये बंद पडले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले. तेव्हा निघण्यापूर्वी चक्र चालू आहे ना, याची खात्री करावी. दुबईत बुर्ज खलिफाच्या १२४ व्या मजल्यावर जाणार असाल, तर त्या दोहोंपैकी एक पुरे. मुंबईतही वांद्रे येथे असे चक्र उभारण्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली होती. ते अद्याप उभे राहिलेले नाही. तोवर मलबार हिलच्या कमला नेहरू उद्यानातून दिसणारी मरीन ड्राइव्हची कमान आणि शेजारचा म्हातारीचा बूट मुलांना पुरेसा आनंद देतो.

‘आपले घर कुठे आहे?’

उंच जागी नेलेल्या मुलाचे निरीक्षण केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. ते संसद पाहत नाही की राजवाडा पाहत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘यात आपले घर कुठे आहे?’ हा प्रश्न बालिश नाही. उंचीवरून माणसाला नवे असे फारसे काही दिसत नाही. ओळखीचे तेवढेच नव्याने दिसते. म्हणूनच माझा सल्ला असा, की चक्र सहलीच्या पहिल्या दिवशी नव्हे, शेवटच्या दिवशी ठेवावे. आधी शहर पायी हिंडावे, मुलाच्या घराजवळचे स्थानक, नातवाची शाळा, बाजार ओळखीचे करून घ्यावेत. मग वर गेल्यावर नातू बोट दाखवील आणि आजोबांनाही ते दिसेल. शिवाय एरवी कामाच्या धबडग्यात हाती न लागणारा मुलगा त्या कुपीत अर्धा तास आपल्या शेजारी असतो. त्यासाठी शंभर पौंड मला जास्त वाटत नाहीत. हे काहीच साधणार नसेल, तर ते पैसे वाचवावेत. काही चुकल्याची हळहळ नको.

मात्र परदेशीच्या उंचीवर जाण्यापूर्वी घरच्या मुलांना येथली उंची आणि येथली खोली दोन्ही दाखवावी. इच्छापूरला इच्छादेवीच्या डोंगरावर पायऱ्या चढून गेले, की एका अंगाला सातपुडा आणि दुसऱ्या अंगाला तापीच्या खोऱ्यातील केळीची हिरवाई पसरलेली दिसते. तेथे आपले घर, आपले शेत, महामार्गावरची ओळखीची वळणे शोधण्याचा खेळ मुले मनापासून खेळतात. आणि वीसेक किलोमीटरवर बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा आहे. अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्याचे पाणी जमिनीखालून शहरात आणले. शंभराहून अधिक कुंड्या भुयाराने जोडल्या. लंडनने आपले सांडपाणी रस्त्याखाली घातले, त्याच्या अडीचशे वर्षे आधी बुऱ्हाणपूर भूगर्भातले स्वच्छ पाणी पीत होते! २०२४ साली या योजनेचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला. सुमारे ऐंशी फूट खाली उतरण्यासाठी तेथे लिफ्टही बसविण्यात आली.

थेम्सकाठच्या कुपीतून बॅझलगेटचा रस्ता पाहताना ज्या नातवाला ‘असे आपल्याकडेही आहे, आजोबांनी मला आत नेले होते’ असे म्हणता येईल, त्याची फेरी सर्वार्थाने वसूल झाली. तेव्हा पुढच्या सुटीत परदेशची तिकिटे काढण्याआधी एक रविवार कुंडी भंडाऱ्यासाठी आणि एक इच्छादेवीच्या डोंगरासाठी अवश्य राखून ठेवावा, ही आपल्या मंडळातील सर्व कुटुंबांना विनंती.