सकाळ-संध्याकाळचे पक्षी : आधी पाहा, फोटो घ्या, मग गोफण उचला

रब्बी ज्वारीचे दाणे चिकात आले की शेतकरी बंधू माळा बांधतात, गोफण आणि डबा घेऊन राखणीला बसतात. राखण आवश्यकच आहे. कणसावर उतरलेला भोरड्यांचा मोठा थवा थोड्या वेळात बरेच नुकसान करून जातो. मात्र शेतात उतरणारे प्रत्येक पाखरू कणसासाठीच येते, असे समजून सर्वांनाच हाकलले तर काय होते, याचा अनुभव मी स्वतःच्या सल्ल्यामुळे घेतला आहे.

सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याकडे दीड एकर मालदांडी ज्वारी होती व तिला लागून एक एकर हरभरा होता. राखणीला एकच मुलगा असल्याने माळा दोन्ही पिकांच्या मधल्या बांधावर बांधावा, असे मी सुचविले. मुलगा मेहनती होता. त्याने चारी बाजूंना गोफण चालविली. आठ-दहा दिवसांनी घरातील वडीलधारे तात्या मला म्हणाले, "सर, ज्वारी ऱ्हायली, पण पाखरांनी हरभऱ्याचं वाटोळं केलं बघा." घाटे पाहिले तर त्यांना गोल छिद्रे पडलेली होती. एका घाट्यात अर्धे शरीर आत आणि अर्धे बाहेर अशी अळीच सापडली. नुकसान घाटेअळीचे होते आणि तिला खाणारी पाखरे आम्ही गोफणीने पळवून लावली होती.

पुढच्या दोन दिवसांत हरभऱ्याकडची गोफण बंद ठेवून आम्ही सकाळ-संध्याकाळ कॅमेरा घेऊन बसलो. फोटो मोठे करून पाहिल्यावर तात्यांची खात्री पटली. ज्वारीच्या कणसावर भोरड्या व चिमण्या होत्या. हरभऱ्यात मात्र साळुंक्या ओळीतून चालत अळ्या टिपत होत्या आणि एका वाळक्या काटकीवर कोतवाल चोचीत हिरवी अळी धरून बसला होता. माळा ज्वारीच्या पलीकडच्या टोकाला हलविला. तोवर अळी मोठी झाल्याने एक फवारणी करावीच लागली, आणि तो खर्च माझ्या सल्ल्याचा होता.

पक्षी याच वेळी का दिसतात?

पक्ष्याचे शरीर आपल्यापेक्षा गरम असते. रात्रभर उपाशी राहून ही ऊब टिकविल्यानंतर पहाटे त्याला तातडीने खाद्य लागते. थंडीत सकाळी कीटकही गारठलेले व मंद असतात, त्यामुळे ते सहज सापडतात. ऊन चढले की बहुतेक पक्षी सावलीला बसतात आणि चारच्या पुढे रात्रीची बेगमी करण्यासाठी पुन्हा उतरतात. म्हणून राखण असो की निरीक्षण, सूर्योदयापासून नऊ-दहापर्यंत आणि दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंतचा वेळ महत्त्वाचा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सुमारे सातला उगवतो व सहानंतर थोड्याच वेळात मावळतो. पक्षी पाहण्यासाठी शहरातील मंडळी पेट्रोल जाळून पहाटे येतात. रात्रीच्या विजेवर पाणी देणारा शेतकरी त्या वेळी बांधावर हजरच असतो.

पहाटे अंधुक उजेडात पहिला आवाज बहुधा कोतवालाचा असतो. काळाभोर रंग व दुभंगलेली लांब शेपटी ही त्याची खूण. तो काटकीवर किंवा म्हशीच्या पाठीवर बसतो, तेथून झेप घेऊन कीटक पकडतो व पुन्हा जागेवर येतो. संध्याकाळी इतर पक्षी झाडावर गेले तरी तो उडणारे पतंग पकडत असतो. थोडे ऊन आल्यावर वेडा राघू व साळुंकी येतात, आणि पाणी सुरू असलेल्या वाफ्यात गायबगळे.

भोरडीचा हिशेब मात्र सरळ नाही. डोके, पंख व शेपटी काळी आणि बाकी अंग गुलाबी असलेला हा पाहुणा मध्य आशियातून येतो व हिवाळाभर आपल्याकडे राहतो. तिकडे विणीच्या काळात तो टोळ व नाकतोडे खातो. येथेही नाकतोडे, अळ्या, वड-पिंपळाची फळे, पळस-पांगाऱ्याच्या फुलांतील रस हे त्याचे खाद्य असते. पण चिकातील ज्वारी दिसली की तो कणसावर बसतो. म्हणजे एकच पक्षी ज्वारीत नुकसान करतो व शेजारच्या रानात अळ्या वेचतो. तो कोठे बसला आहे आणि चोचीत काय आहे, हे पाहिल्याशिवाय त्याला शत्रू किंवा मित्र ठरविता येत नाही.

संध्याकाळी भोरड्यांचे थवे मुक्कामाच्या बाभळींवर किंवा उसाच्या फडावर उतरण्यापूर्वी आकाशात एखाद्या चादरीसारखे वळत राहतात. हे दृश्य पाहण्यासारखे तर आहेच, शिवाय मुक्काम कोणत्या दिशेला आहे ते कळल्यास सकाळी थवा कोणत्या बाजूने येईल याचा अंदाज येतो. राखणदाराने तेथे आधीच उभे राहावे.

फोटो कसे घ्यावेत?

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. आठपट दिसणारी साधी दुर्बीण व मोबाइल पुरेसा आहे. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल टेकवून फोटो घेता येतो. हात थरथरू नये म्हणून दुर्बीण माळ्याच्या बांबूवर टेकवावी. नुसत्या मोबाइलवर चित्र फार ओढून मोठे केल्यास ते फाटते. पिसांचा रंग व चोचीतील वस्तू स्पष्ट हवी असल्यास सूर्य पाठीशी असावा, म्हणजे सकाळी शेताच्या पूर्व बांधावर व संध्याकाळी पश्चिम बांधावर बसावे. सूर्योदयाच्या आधी उजेड कमी असल्याने उडते पक्षी पुसट येतात. त्या वेळी बसलेल्या पक्ष्यांचे घ्यावेत. ऊन आल्यावर उडत्या पक्ष्यांचे लागोपाठ चार-सहा फोटो घ्यावेत. थव्याची काळी आकृती हवी असेल तरच मावळतीकडे तोंड करावे, परंतु दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, डोळ्याला कायमची इजा होते.

पक्षी चालत्या माणसाला बुजतो, बैलगाडीला किंवा ट्रॅक्टरला तितका नाही. म्हणून गाडीत किंवा माळ्यावर स्थिर बसावे, भडक कपडे टाळावेत. घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नयेत. पक्षी उठला की कावळे अंडी नेतात. मोबाइलमध्ये तारीख व वेळ आपोआप नोंदली जाते. सलग आठवडाभराचे फोटो एकत्र पाहिल्यास कोणता पक्षी कोणत्या पिकात कोणत्या वेळी येतो, हे लक्षात येते.

हरभऱ्यात काय करावे?

पेरणीच्या वेळी हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे टाकावेत किंवा फुलोऱ्याच्या सुमारास पिकापेक्षा उंच, आडवी फांदी असलेल्या काटक्या रोवाव्यात. हेक्टरी ५० च्या आसपास पक्षीथांबे पुरतात. पाखरे येतात म्हणून पाहणी सोडू नये. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या आढळल्यास उपाय करावा. एच.ए.एन.पी.व्ही. हे विषाणूजन्य कीटकनाशक वापरावयाचे असल्यास ते संध्याकाळी फवारावे, कारण उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. रोगट अळी खाल्लेल्या पक्ष्याच्या विष्ठेतूनही हा विषाणू शेतात पसरतो. रासायनिक फवारणी शिफारशीप्रमाणेच करावी व साळुंक्या अळ्या टिपत असताना पंप सुरू करू नये. घाट्यांत दाणे भरल्यावर काटक्या काढून टाकाव्यात, नाहीतर दाणे खाणाऱ्या पाखरांची त्यावर बैठक होते.

अंधार पडताना काटक्यांवर बसणारा पाहुणा वेगळा असतो. पिंगळा किंवा गव्हाणी घुबड तेथून उंदरांवर नजर ठेवते. त्याचा फोटो घेण्याच्या मोहात फ्लॅश मारू नये. त्याचे डोळे दिपतात, शिकार चुकते आणि उंदीर बिळात परत जातो.