घरासाठी ड्रिल मशीन घ्यायचंय? आधी भिंत बघा, मग बेंच, मग मशीन

तारापूर एमआयडीसीत आठवडाभर सेफ्टी शूज आणि गॉगल घालून काम करणारा माणूस रविवारी घरी काय करतो? अनेकदा चप्पल घालून प्लास्टिकच्या स्टुलावर चढतो, डाव्या हातात लाकडाची पट्टी धरतो आणि उजव्या हाताने ड्रिल चालवतो.

कारखान्यात यातली एकही गोष्ट खपवून घेतली जात नाही. घरी मात्र टोकणारं कुणी नसतं.

बोईसर-पालघर पट्ट्यात हाताला हत्यारांची सवय असलेली माणसं कमी नाहीत. इथे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन घराघरात सापडतात. नव्या इमारतीत फ्लॅट घेतला की पडद्याचे रॉड, टीव्हीचा स्टँड, किचनमधलं रॅक ही कामं सुरू होतात. त्यासाठी ड्रिल घ्यायचं ठरतं, मोबाईलवर ऑफर दिसते आणि मशीन घरी येतं.

गडबड इथेच होते, कारण ड्रिल निवडताना पहिला प्रश्न कंपनीचा नसून भिंतीचा असतो.

भिंत कशाची आहे, हे कसं ओळखायचं?

सोपा उपाय आहे. कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी एक बारीक भोक पाडा आणि बाहेर पडणाऱ्या भुशाचा रंग बघा. प्लास्टरचा थर संपल्यावर येणारा भुसा खरी माहिती देतो.

लाल भुसा आला तर भिंत विटांची आहे. पांढरट-राखाडी, पिठासारखा भुसा आला आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं, तर भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे बोलीभाषेतल्या सिपोरेक्सची. करडा भुसा कष्टाने, थोडाथोडा येत असेल तर ते काँक्रीट. कॉलम आणि बीम काँक्रीटचे असतातच, पण काही नव्या इमारतींमध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात.

जव्हार, विक्रमगड, डहाणूच्या पाड्यांवर कारवीच्या कुडाला माती लिंपलेल्या भिंतीही आहेत. तिथे भिंतीत ड्रिल चालवण्यात अर्थ नाही. वजन लाकडी खांबावर किंवा आडव्या वाशावरच टांगायला हवं.

मग कोणत्या भिंतीला कोणतं मशीन?

दुकानात सगळ्यालाच सरसकट 'हॅमर ड्रिल' म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगळी मशीन आहेत.

पहिलं साधं रोटरी ड्रिल. ते फक्त फिरतं. लाकूड, प्लाय, लोखंडी पत्रा, प्लास्टिक यांना हे पुरतं.

दुसरं इम्पॅक्ट ड्रिल. यात दातेरी चकत्या एकमेकींवर घासून उड्या मारतात, त्यामुळे बिट फिरता फिरता बारीक ठोके देतं. विटांच्या भिंतीला हे उत्तम. बटण फिरवलं की ठोके बंद होऊन साधं ड्रिलही होतं. म्हणूनच 13 मिलीमीटर चकचं, 500 ते 750 वॉटचं आणि वेग कमी-जास्त करता येणारं इम्पॅक्ट ड्रिल बहुतेक घरांना पुरेसं असतं.

तिसरं रोटरी हॅमर. यात आत पिस्टन असतो आणि हवेच्या दाबाने तो बिटवर जोरात आदळतो. काँक्रीटमध्ये इम्पॅक्ट ड्रिलने घाम गाळून जे होत नाही, ते रोटरी हॅमर थोड्या वेळात करतं. त्याला खाचा असलेलं एसडीएस बिट लागतं, साधं गोल दांड्याचं बिट थेट बसत नाही. पण मशीन जड असतं आणि वर्षातून चार भोकं पाडायची असतील तर ते विकत घेण्याऐवजी भाड्याने आणलेलं परवडतं.

एएसी ब्लॉकला यातलं काहीच जोरदार नको. ठोक्यांचं बटण बंद ठेवून साधं ड्रिल चालवायचं. ठोके दिले तर भोक मोठं होतं, आतला भाग भुगा होतो आणि गिट्टी सैल बसते. या ब्लॉकसाठी मोठ्या पंखांची किंवा पेचाच्या आकाराची वेगळी गिट्टी मिळते, ती वापरावी.

18 व्होल्ट की 20 व्होल्ट?

कॉर्डलेस ड्रिलच्या जाहिरातीत हा आकडा मोठा छापलेला असतो. लिथियम-आयन बॅटरीच्या बाबतीत अनेकदा दोन्ही एकच असतात. पाच सेल एकापुढे एक जोडले की पूर्ण चार्ज असताना साधारण 20 व्होल्ट मिळतात आणि चालू कामात सरासरी 18. एक कंपनी पहिला आकडा छापते, दुसरी दुसरा.

कॉर्डलेसची खरी किंमत बॅटरीत असते. म्हणून एकाच बॅटरीवर त्या कंपनीची आणखी कोणती हत्यारं चालतात आणि जवळपास सर्व्हिस सेंटर आहे का, हे आधी विचारावं. फर्निचर जोडणं आणि स्क्रू कसणं एवढंच काम असेल तर 12 व्होल्टचं हलकं मशीन हाताला सोपं जातं.

ड्रिलच्या आधी बेंच का?

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला गेलेल्या मुलाला पहिल्या दिवसांत ड्रिल मिळत नाही. तो व्हाइससमोर उभा राहून कानस चालवतो. यातून एक सवय लागते: जॉब व्हाइसमध्ये असतो, हातात नाही.

घरातल्या बऱ्याच जखमा ही सवय मोडल्यामुळे होतात. लोखंडी पट्टीतून बिट आरपार निघताना शेवटच्या क्षणी अडकतं आणि पट्टी बिटबरोबर गरकन फिरते. ती हातात धरलेली असेल तर बोटं कापली जातात.

त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर स्वस्त ड्रिल आणि चांगला व्हाइस, ही जोडी महागड्या ड्रिलपेक्षा बरी.

बेंचसाठी मोठी जागा लागत नाही. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद टेबल गॅलरीत किंवा जिन्याखाली मावतं. उंची ठरवताना सरळ उभं राहून हात खाली सोडावेत आणि मनगटापर्यंत मोजावं. बहुतेकांसाठी ती 33 ते 35 इंच, म्हणजे साधारण स्वयंपाकाच्या ओट्याएवढी भरते. व्हाइसचा वरचा भाग कोपराच्या उंचीला आला तर कानस आणि करवत नीट चालते.

वरच्या फळीसाठी 18 किंवा 19 मिलीमीटरच्या प्लायचे दोन थर एकमेकांवर चिकटवून स्क्रू मारावेत. प्लाय घेताना आयएस 303 चा बीडब्ल्यूआर प्रकार मागावा. एमआर प्रकार दमट हवेला तग धरतो, पण गॅलरीत पावसाचा शिंतोडा येत असेल तर तो फुगतो. खालचा सांगाडा फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी लोखंडी पाइपचा करून घेता येतो. व्हाइस टेबलाच्या मध्यावर न बसवता पायाच्या बरोबर वर, आरपार बोल्टने बसवावा. खालच्या फळीवर वजन ठेवलं की बेंच हलत नाही.

भूकंपाचा इथे काय संबंध?

पालघर जिल्ह्यात संबंध आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि गावकऱ्यांनी कित्येक रात्री घराबाहेर काढल्या. मोठं नुकसान न करणारा धक्काही सैल रॅक पाडू शकतो.

म्हणून व्हाइस, ग्राइंडर, खिळ्यांचे डबे अशा जड वस्तू खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. उंच रॅक वरच्या बाजूने भिंतीला कसून घ्यावं. पलंगाच्या डोक्यावर जड फळी लावूच नये.

वीज आणि पावसाळा

600 वॉटचं ड्रिल 230 व्होल्टवर साधारण 2.6 अँपिअर करंट घेतं, त्यामुळे 6 अँपिअरचा साधा सॉकेट चालतो. मात्र बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेन्शन गरम होतं आणि मशीनचा जोरही कमी होतो. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं, म्हणून दोनच पिनांचा प्लग येतो. घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा आणि त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहावं.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये. आतल्या वायरी बहुधा त्याच रेषांतून गेलेल्या असतात. बाथरूमच्या भिंतीत नळाच्या वर-खालीही तेच लागू. काँक्रीटमध्ये बिट सळईला लागलं तर जोर लावत बसू नये, भोकाची जागा बदलावी.

सातपाटी, केळवे, चिंचणीसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत खारी हवा वर्षभर असते आणि पावसाळ्यात ओल सगळीकडेच. बिट आणि चकवर शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर गंज लांब राहतो.

हातमोजे घालायचे की नाही?

डोळ्यांवर गॉगल हवाच, विशेषतः डोक्यावरचं भोक पाडताना. भिंतीच्या धुळीसाठी मास्क हवा. पण फिरत्या ड्रिलसमोर कापडी हातमोजे घालू नयेत. धागा बिटमध्ये अडकला की मोज्याबरोबर हातही ओढला जातो. सैल बाही, ओढणी आणि मोकळे केस यांचंही तसंच. मशीनसोबत येणारं बाजूचं हँडल खोक्यात पडून राहतं, ते लावावं. बिट अडकल्यावर मनगटाला बसणारा हिसका तेच सांभाळतं.

आणि भोक पाडायच्या आधी शेजाऱ्यांना विचारावं. तीन शिफ्टमध्ये चालणाऱ्या बोईसरमध्ये सकाळचे दहा ही सगळ्यांचीच सकाळ नसते. भिंतीपलीकडे कुणीतरी रात्रपाळी करून नुकतंच झोपलेलं असू शकतं.