पदेराच्या सायकलीला वाट हवी

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. निर्णय योग्यच होता. परंतु त्याचे स्वागत करताना त्याआधीच्या सहा वर्षांचा हिशेबही ध्यानात ठेवावा लागेल. विजेवर चालणाऱ्या मोटारीला ही ५ टक्क्यांची सवलत ऑगस्ट २०१९ पासूनच मिळत होती. धूर सोडत नाही म्हणून लक्षावधी रुपयांच्या मोटारीचे कौतुक चालले होते आणि जन्मात कधी धूर न सोडलेल्या सायकलीकडून मात्र दुपटीहून अधिक दराने कर घेतला जात होता. सायकल हे गरिबाचे वाहन, आणि गरिबाचे वाहन ते कसले वाहन, ही राज्यकर्त्यांच्या व सुशिक्षित समाजाच्या मनात मुरलेली समजूतच त्या कोष्टकात उतरली होती.

गोमंतकात तरी या समजुतीला थारा मिळायला नको होता. आमच्या घरी सकाळचा पाव येत आला तो सायकलवरून. एके काळी पदेर खुळखुळणारी बांबूची काठी आपटीत पायी येत असे. पुढे सायकल आली, काठीची जागा रबरी फुग्याच्या भोंग्याने घेतली आणि त्या आवाजावर वाडेच्या वाडे जागे होऊ लागले. मागच्या कॅरिअरवर घट्ट बांधलेली रुंद पाटी, तीत उंडे, पोई आणि कांकणे, वर पावसापासून राखण करणारे प्लास्टिकचे आच्छादन. हे दृश्य आता भेटकार्डांवर आणि पर्यटन खात्याच्या चित्रांत जाऊन बसले आहे. चित्रात त्याला मानाची जागा मिळाली. रस्त्यावरची त्याची जागा मात्र दिवसेंदिवस आकुंचन पावत आहे.

सायकलीचे सामर्थ्य आपण फार कमी लेखतो. जेवढ्या श्रमात माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, जवळजवळ तेवढ्याच श्रमात तो सपाट रस्त्यावर त्याच्या तिप्पट अंतर सायकलने कापतो. ओझे डोक्यावर वा खांद्यावर न राहता चाकांवर जाते, हेच तिचे मर्म. चढ लागला तर उतरून ढकलावी, उतार लागला तर ब्रेक दाबून सोडावी. झारखंडात दोनशे किलोंच्या घरात कोळसा लादून सायकली ढकलीत नेणारे कष्टकरी आजही दिसतात. १९५४ साली दिएन बिएन फू येथे फ्रेंच साम्राज्यशाहीचा पराभव झाला, त्या लढाईत व्हिएतनामी जनतेने हजारो सायकलींच्या हँडलला बांबू बांधून जंगलातून धान्य आणि दारूगोळा वाहून नेला होता. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला तेरेखोलच्या किल्ल्यावर गोव्याच्या सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला. ज्या वाहनाने एका साम्राज्याला नमविण्यास हातभार लावला, त्याला क्षुल्लक म्हणणे इतिहासाला धरून नाही.

आणि तरीही आमच्या रस्त्यांवर त्याची दशा काय आहे? २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या आता त्या आकड्याच्याही पुढे गेली आहे. रस्ता रुंद होतो तो या वाहनांसाठी. डांबराचे थरावर थर चढतात, बाजूपट्टी वीतभर खाली राहते आणि मागून भोंगा वाजविणाऱ्या ट्रकला वाट देण्यासाठी सायकलस्वाराने खाली उतरावे तर पाटीसह तोल जातो. गटारावरच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने ठेवलेल्या, त्यांत चाक अडकते. उरलीसुरली कडा उभ्या करून ठेवलेल्या मोटारींनी व्यापलेली. हे सारे पहाटेच्या काळोखात, अरुंद वळणांवर, भरल्या ओझ्यानिशी. पदेराचे काम सुरू होते तेव्हा ज्यांच्यासाठी तो पाव आणतो ते अजून अंथरुणात असतात.

सायकल आता कोणाला हवी आहे, पदेरही स्कूटरवर आले, असे म्हटले जाईल. काही आले, हे खरे आहे. पण ते हौसेने आले की भीतीने, याचा विचार कोणी केला? स्कूटरबरोबर हप्ता आला, पेट्रोल आले, आणि तो खर्च शेवटी पावाच्या दरात उतरतो. पावाचा दर रुपयाने वाढला की आपण तक्रार करतो. ज्या रस्त्याने पदेराला सायकल सोडायला लावली त्या रस्त्याविषयी मात्र तक्रार करीत नाही. देशाच्या पातळीवरही असेच घडले. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. आणि ॲटलस या प्रसिद्ध भारतीय सायकलीच्या साहिबाबाद येथील कारखान्यातले उत्पादन थांबले ते ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी!

रविवारी सकाळी शिरस्त्राण घालून व्यायामासाठी निघणाऱ्या सायकलस्वारांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्यांच्या फेरीला पुढाऱ्यांनी हिरवा झेंडा दाखविला म्हणजे सायकलीविषयीचे कर्तव्य संपले, असे मानणे ही फसवणूक होय. सायकलीवर ज्याची चूल पेटते त्याचा हक्क आधीचा आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने रस्त्याची जागा वाटताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार व्हावा, असे स्पष्ट म्हटले होते. ते धोरण कागदावरून गोव्याच्या रस्त्यावर उतरविण्यास फार मोठा निधी लागणार नाही. डांबरीकरण झाल्याबरोबर बाजूपट्टी समपातळीत आणावी. गटारांच्या जाळ्या आडव्या बसवाव्यात. बाजारांच्या तोंडाशी सायकल लावण्यास जागा राखावी. वाड्यांतून जाणाऱ्या रस्त्यांवर वेगाला आवर घालावा. नवा रस्ता वा पूल आखताना सायकलींचीही मोजदाद करावी. कारण जे मोजले जात नाही त्याच्यासाठी जागा सोडली जात नाही.

करात ७ टक्के सूट मिळाली, ती सायकल विकत घेताना एकदाच उपयोगी पडते. वाट रोज लागते. ती देण्याचे काम दिल्लीचे नाही. ते पंचायतींचे, नगरपालिकांचे आणि आमच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे आहे. पदेराचे चित्र भिंतीवर लावणाऱ्या सरकारने त्याला रस्त्याच्या कडेची चार फूट जागा सुरक्षित करून द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.