अंतराळ संशोधन आणि स्केटबोर्डिंग : अपयशाच्या शिस्तीचा तौलनिक विचार

प्रस्तावना

अंतराळ संशोधन ही राष्ट्राच्या वैज्ञानिक सामर्थ्याची खूण मानली जाते. याउलट, चार चाकांच्या फळीवर उभे राहून रस्त्यावर, पायऱ्यांवर व कठड्यांवर कसरती करण्याचा स्केटबोर्डिंग हा खेळ आपल्याकडे अनेकांना शहरी मुलांचा रिकामा उद्योग वाटतो. या दोन क्षेत्रांत साम्य शोधताना सहसा ‘साहस’ हा शब्द पुढे केला जातो. परंतु साहस गिर्यारोहणात असते, तसे जुगारातही असते. त्यामुळे त्या शब्दाने या दोहोंचे वेगळेपण स्पष्ट होत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या दोन क्षेत्रांना जोडणारा धागा ‘अपयशाची शिस्त’ हा आहे. प्रयत्न उघडपणे करणे, फसल्यास कारण शोधणे, नेमका तेवढाच भाग बदलून पुन्हा प्रयत्न करणे आणि हाती आलेले ज्ञान इतरांना देणे, या चार गोष्टी त्या शिस्तीत येतात.

निफाड तालुक्यातील ओझर येथे १९६४ साली स्थापन झालेला विमान कारखाना आहे. तेथे तयार झालेले प्रत्येक विमान सुपूर्द होण्यापूर्वी चाचणी-उड्डाणातून जाते. चाचणी म्हणजे दोष सापडावा म्हणून केलेला प्रयत्न, ही कल्पना या परिसराला म्हणूनच अपरिचित नाही. ती महाविद्यालयीन शिक्षणात कितपत उतरली आहे, हा या विवेचनामागील खरा प्रश्न होय.

उपलब्ध साधनांचा नवा उपयोग

स्केटबोर्डिंगचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. समुद्राच्या लाटांवर फळीने स्वार होणाऱ्या तरुणांनी १९५० च्या सुमारास फळीला चाके लावून तोच आनंद रस्त्यावर मिळविण्याचा प्रयत्न केला. १९७६-७७ च्या दुष्काळात तेथील घरांमागचे अनेक पोहण्याचे तलाव कोरडे पडले. त्या तलावांच्या गोलाकार भिंतींवर मुले फळी चालवू लागली आणि या खेळाचे स्वरूपच पालटले. पोहण्यासाठी बांधलेली वास्तू पाण्याअभावी निरुपयोगी ठरली होती; खेळाडूंनी तिचा दुसरा अर्थ लावला.

भारतीय अंतराळ कार्यक्रमाच्या आरंभीही अशीच दृष्टी दिसून येते. केरळमधील थुंबा हे मच्छीमारांचे गाव चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे वरच्या वातावरणाच्या अभ्यासासाठी निवडले गेले. या निवडीत डॉ. विक्रम साराभाई यांच्यासोबत कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस यांचा महत्त्वाचा वाटा होता. गावातील चर्चची वास्तू कार्यालय बनली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिले रॉकेट उडाले. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात असल्याचे त्या काळातील छायाचित्र सर्वपरिचित आहे.

अशा छायाचित्रांकडे केवळ गरिबीचे चित्र म्हणून पाहणे मात्र अपुरे ठरते. १९८१ साली ‘अ‍ॅपल’ हा दळणवळण उपग्रह चाचणीसाठी बैलगाडीवर ठेवण्यात आला होता. धातूच्या वाहनामुळे अँटेनाच्या चाचणीत व्यत्यय येऊ नये म्हणून लाकडी गाडी निवडली गेली. तेथे बैलगाडी हे योग्य वैज्ञानिक साधन होते. वस्तूचा रूढ उपयोग बाजूला ठेवून तिचे गुणधर्म पाहण्याची ही वृत्ती कोरड्या तलावात शिरणाऱ्या मुलांच्या वृत्तीशी नाते सांगते.

चाक आणि प्रणोदक

या दोन क्षेत्रांमध्ये रसायनशास्त्राच्या पातळीवरही एक दुवा आढळतो. आरंभीच्या स्केटबोर्डची चाके लोखंडाची किंवा भाजलेल्या मातीच्या मिश्रणाची असत. वाटेत बारीक खडा आला तरी चाक अडत असे आणि खेळाडू पुढे फेकला जात असे. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाके प्रचारात आणली. हा पदार्थ रस्त्याला घट्ट धरतो, धक्का शोषतो आणि पुन्हा मूळ आकारात येतो. कोरड्या तलावांच्या भिंतींवर चढणे या चाकांमुळेच शक्य झाले.

घन इंधनावर चालणाऱ्या अग्निबाणातही याच कुळातील पदार्थ महत्त्वाचे कार्य करतो. घन प्रणोदकात ऑक्सिजन पुरविणारे क्षार व अॅल्युमिनियमची भुकटी यांना एकत्र धरून ठेवणारा बंधक लागतो. एचटीपीबी या बहुवारिकाची आयसोसायनेट वर्गातील रसायनाशी अभिक्रिया घडविली की पॉलियुरेथेनची रबरासारखी जाळी तयार होते. ही लवचीकता अत्यावश्यक असते. तापमानातील बदलाने किंवा दाबाने इंधनाला तडा गेला, तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब आवाक्याबाहेर जातो आणि स्फोट होऊ शकतो. पीएसएलव्ही या प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्यात अशा प्रकारचे सुमारे १३९ टन प्रणोदक असते. भारतातील घन प्रणोदकांच्या विकासात पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर यांचे कार्य पायाभूत मानले जाते. पुढे १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते.

गतीच्या नियमांच्या संदर्भात येथे एक भेदही लक्षात घेणे आवश्यक आहे. ‘ऑली’ या मूलभूत कसरतीत खेळाडू मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटतो, जमिनीच्या प्रतिक्रियेने फळी उसळते आणि पुढचा पाय सरकवून ती हवेत समतल केली जाते. अग्निबाणाला मात्र रेटा देण्यासाठी जमीन वा हवा लागत नाही. तो वायू वेगाने मागे फेकतो आणि त्या वायूच्या प्रतिक्रियेने पुढे जातो. म्हणूनच तो निर्वात पोकळीतही कार्य करू शकतो. नियम न्यूटनचा एकच, पण प्रतिक्रिया देणारा पदार्थ वेगळा.

पडण्याचा अभ्यास

१० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या भारताच्या पहिल्या उपग्रह प्रक्षेपकाचे उड्डाण अयशस्वी झाले व तो बंगालच्या उपसागरात कोसळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण प्रणालीतील गळती हे कारण चौकशीत निष्पन्न झाले. प्रकल्प संचालक डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. परंतु पत्रकारांना सामोरे जाऊन अपयशाची जबाबदारी संस्थेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन यांनी स्वीकारली. १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रक्षेपकाने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचविला, तेव्हा धवन यांनी पत्रकारांपुढे कलामांना पाठविले.

७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा विक्रम अवतरक चंद्रावर आदळला, त्यानंतरही हीच पद्धत अनुसरली गेली. चांद्रयान-३ ची रचना करताना कोणकोणत्या गोष्टी बिघडू शकतात याचा विचार प्रथम करण्यात आला. उतरण्याचे क्षेत्र ५०० मीटर लांबी-रुंदीच्या चौरसाऐवजी ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर करण्यात आले, पाय अधिक मजबूत केले गेले, इंधन वाढविले गेले आणि वेग मोजणारे नवे लेझर उपकरण बसविण्यात आले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी अवतरण यशस्वी झाले.

स्केटबोर्डपटूचा सराव याच तत्त्वावर चालतो. एक कसरत साधण्यासाठी तो शेकडो वेळा पडतो आणि प्रत्येक वेळी पायाची जागा, खांद्याचा कोन किंवा वेग यांपैकी एखादीच गोष्ट बदलून पाहतो. पडणेही शिकावे लागते. सरळ हात न टेकता अंग गोल करून लोळणे हा प्रारंभीचा धडा असतो. २७ जून १९९९ रोजी टोनी हॉक या खेळाडूने हवेत अडीच गिरक्या घेण्याची कसरत स्पर्धेत प्रथमच साध्य केली. तत्पूर्वी तो त्याच संध्याकाळी वारंवार पडला होता. ठरलेली वेळ संपल्यावरही त्याला प्रयत्न करू दिले गेले आणि प्रतिस्पर्धीच त्याला प्रोत्साहन देत राहिले. प्रतिस्पर्ध्याचे यश हे सर्वांच्या ज्ञानात पडलेली भर मानणे, हे या संस्कृतीचे वैशिष्ट्य होय.

साम्याच्या मर्यादा

हे साम्य ताणू नये. स्केटबोर्डपटूच्या पडण्याची किंमत मुख्यतः त्याचे शरीर देते. अंतराळ मोहिमेमागे करदात्यांचा पैसा, हजारो व्यक्तींचे श्रम आणि प्रसंगी अंतराळवीरांचे प्राण असतात. त्यामुळे अंतराळ संस्था पडण्याचा सराव जमिनीवर, स्थिर चाचण्यांत आणि संगणकीय प्रतिरूपांत करून घेतात.

ही शिस्त ढिली पडली की काय होते, याचे उदाहरण १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या दुर्घटनेत सापडते. या दुर्घटनेत कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी इंधन टाकीवरील फेसाच्या आवरणाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. असे तुकडे पूर्वीच्या उड्डाणांतही सुटले होते. परंतु तेव्हा मोठी हानी न झाल्याने ती बाब नित्याची मानली गेली, असे चौकशी मंडळाने दाखवून दिले. लहान अपयशांचा अभ्यास थांबला, तेव्हा मोठे अपयश ओढवले.

पडण्याची मुभा कोणाला?

वारंवार पडून शिकण्यासाठी पडू देणारी जागा लागते आणि ती सर्वांना सारखी मिळत नाही. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातील जनवार या गावी २०१५ साली उल्रिके राइनहार्ड या जर्मन महिलेच्या पुढाकाराने स्केटपार्क उभे राहिले. तेथे दोन नियम होते : शाळेत न जाणाऱ्यास खेळता येणार नाही आणि मुलींना प्राधान्य मिळेल. याच गावातील आशा गोंड ही आदिवासी मुलगी २०१८ साली चीनमधील नानजिंग येथील जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचली. महाराष्ट्रातही पुण्याच्या श्रद्धा गायकवाड या सुरक्षारक्षकाच्या मुलीने २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक पटकाविले. संधी उपलब्ध झाली की धैर्य कोठूनही पुढे येते, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

महाविद्यालयीन शिक्षणाच्या संदर्भात

आपल्या परीक्षा पद्धतीत एटीकेटीची सवलत आहे. ती विद्यार्थ्याला पुढील वर्गात जाऊ देते, ही तिची जमेची बाजू. परंतु गुणपत्रिकेवरील आकडा आपण कोठे चुकलो हे सांगत नाही. परिणामी विद्यार्थी तीच परीक्षा त्याच तयारीने पुन्हा देण्याची शक्यता राहते. येथे प्रयत्नाची पुनरावृत्ती होते, अभ्यास होत नाही. प्रयोगशाळेतील जर्नलची अवस्था याहून बोलकी आहे. अपेक्षित उत्तराशी जुळणारी रीडिंग लिहिण्याकडे विद्यार्थ्यांचा कल असतो, कारण जुळणाऱ्या रीडिंगलाच गुण मिळतात. न जुळलेले निरीक्षण आणि त्याचे कारण हेच वस्तुतः विज्ञानाचे आरंभस्थान असते. नेमके तेच जर्नलमधून वगळले जाते.

शेतकरी कुटुंबातील किंवा प्रथमच महाविद्यालयात आलेल्या पिढीतील विद्यार्थ्याला, विशेषतः विद्यार्थिनीला, एका अपयशानंतर शिक्षण सोडावे लागण्याचा धोका अधिक असतो. त्यांच्यासाठी अपयशाचे निदान ही चैन नव्हे, तर शिक्षणात टिकून राहण्याची अट आहे.

निष्कर्ष

१. अंतराळ संशोधन व स्केटबोर्डिंग यांतील समान सूत्र केवळ साहस नसून अपयशातून पद्धतशीर शिकणे हे होय.

२. ही शिस्त सामूहिक असते. धवन यांनी जबाबदारी स्वीकारली म्हणून त्यांचे सहकारी पुन्हा प्रयत्न करू शकले. प्रतिस्पर्ध्यांनी प्रोत्साहन दिले म्हणून खेळाडू पुन्हा उभा राहिला.

३. प्रयोगाच्या जर्नलमध्ये फसलेल्या निरीक्षणासाठी व त्याच्या कारणमीमांसेसाठी स्वतंत्र जागा आणि गुण ठेवावेत. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यासोबत शिक्षकाने त्याची उत्तरपत्रिका एकदा तरी वाचावी. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. विद्यार्थ्याला कारणासह चूक कळावी, एवढी इच्छा व त्यासाठी दिलेला वेळ पुरेसा आहे.